बागडोर सैल धरताना

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील घोडे बहुधा चौखूर दौडतच येतात. मोतद्दार बागडोर धरून घोड्याच्या बाजूने धावतो आहे आणि कोणी अनुभवी माणूस ते निरखत उभा आहे, असे दृश्य निदान आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. घोडा धड की लंगडा याचा निकाल मात्र त्या थोड्या पावलांत लागतो. चौखूर दौडीत डाव्या-उजव्या पायांचे काम मुळातच सारखे नसते. तेथे व्यंग सहज लपते. दुडक्या चालीत पुढचा डावा व मागचा उजवा, मग पुढचा उजवा व मागचा डावा अशा जोड्या आलटून पालटून टेकतात. धडधाकट घोड्यात दोन्ही ठेके सारखे पडतात. त्यामुळे बिघाड उठून दिसतो.

इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफनने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथाचा आरंभच खरेदीत फसगत कशी टाळावी या प्रश्नाने केला. परीक्षा तो पायांपासून सुरू करतो, कारण पाया कच्चा असलेल्या घराचा उपयोग काय? पोकळ खूर जमिनीवर झांजेसारखा वाजतो, हे आपल्या आधीच्या सिमोन नावाच्या लेखकाचे निरीक्षणही तो नोंदवतो. कठीण जमिनीवर घोडा चालवून टापांचा आवाज ऐकणे हा आजही या परीक्षेचाच भाग आहे.

गंमत अशी की दुखरा पाय शोधण्यासाठी पाहावे लागते ते डोक्याकडे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि धड पायावर भार येताच ते खाली आणतो. नवखा माणूस नेमका उलटा अर्थ लावून धड पायालाच दोष देतो. मागच्या पायाचे दुखणे कटीच्या वरखाली होण्यावरून कळते. पण तेही कधी कधी त्याच बाजूच्या पुढच्या पायाचे सोंग घेते. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असले तर डोके हलतच नाही, फक्त पावले आखूड पडतात. मराठीत ‘लंगडी सबब’ म्हणतात, पण ती चटकन ओळखू येते; घोड्याचे तसे नाही.

म्हणूनच बागडोर सैल हवी. विकणाऱ्याच्या माणसाने ती तोंडाशी आखडून धरली की डोक्याची हालचाल थांबते आणि घेणाऱ्याचा मुख्य पुरावाच नाहीसा होतो. झेनोफनच्या त्या पहिल्या प्रश्नाची धार आम्हाला येथे जाणवते.

डोळ्याच्या मर्यादा एकोणिसाव्या शतकात उघड झाल्या. कोणत्या चालीत कोणता पाय केव्हा टेकतो, यावरच जाणकारांचे एकमत नव्हते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मारे याने खुरांखाली रबरी हवेच्या पिशव्या बसवून प्रत्येक टापेची नोंद स्वाराच्या हातातील यंत्रावर उतरवली. त्याचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. तरीही प्रश्न मिटला नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १३१ घोडे अनुभवी पशुवैद्यांनी तपासले. लंगडेपणा सौम्य असताना, अमुक पाय लंगडा की नाही यावर त्यांचे एकमत सुमारे ६२ टक्के वेळाच झाले.

आता घोड्याच्या डोक्यावर व कटीवर संवेदक बसवून मोजमाप घेता येते. धरणाऱ्याच्या हातातला दोर तेथेही सैलच लागतो.