उन्हाळी सुटी आणि रोजगाराची पूर्वतयारी

वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ चौदा ते अठरा वर्षे वयोगटातील विद्यार्थ्यांना भावी रोजगाराच्या दृष्टीने उपयुक्त ठरू शकतो. या काळात हाती पडणारी मजुरी अल्प असते. मात्र संपादन केलेले कौशल्य आणि त्याचा लेखी पुरावा पुढे दीर्घकाळ कामी येतो. सुटीतील कामाची निवड करताना हाच निकष महत्त्वाचा होय.

कायद्याची मर्यादा

बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करण्यास मात्र मुभा आहे. चौदा ते अठरा वयोगटातील किशोरांना खाणी, स्फोटके, ज्वलनशील पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम देता येत नाही. त्यांना सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांतीसह दिवसाला कमाल सहा तास काम आणि साप्ताहिक सुटी या तरतुदी लागू आहेत. सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत त्यांना कामावर ठेवता येत नाही. मुलांच्या पिळवणुकीसंबंधी १०९८ या मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

कौशल्याची निवड

टंकलेखन हे रोजच्या तासाभराच्या सरावाने साध्य होणारे कौशल्य आहे. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठीचे किमान ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द असा वेग अपेक्षित असतो. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ लिपिक पदासाठी हिंदीचे ३० किंवा इंग्रजीचे ३५ शब्द ही अट आहे. अन्य राज्यांतील मराठी विद्यार्थ्यांना ही दुसरी वाट अधिक सोयीची ठरते.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर इयत्ता नववीपासून पुढील अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रमाणपत्राची परीक्षा असलेल्या अभ्यासक्रमांत तिचे शुल्क वेगळे आकारले जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुटीच्या काळातही व्यवसायशिक्षणाची संधी मिळावी, असे सुचविण्यात आले आहे. सुतार, शिंपी, वीजतंत्री किंवा वाहन दुरुस्ती करणारा कारागीर यांच्याकडे काही आठवडे काम पाहिल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणता व्यवसाय निवडावा, हे ठरविणे सुकर होते.

नोंदी व कागदपत्रे

काम संपताना कालावधी, दैनंदिन तास आणि कामाचे स्वरूप नमूद केलेले अनुभवपत्र मागून घ्यावे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतः व्यवहार करता येणारे बचत खाते उघडण्याची मुभा असल्याने मोबदला शक्यतो खात्यात घ्यावा. पंधराव्या वर्षी आधारमधील बोटांचे ठसे व बुबुळांची प्रतिमा अद्ययावत करणे बंधनकारक असते. हे कामही सुटीत उरकता येते.

जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांतील नाव व जन्मतारीख जुळते का, हे दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी तपासणे हितावह आहे. बहुतेक सरकारी भरतीत दहावीचे प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो. त्यामुळे एका अक्षराची तफावतही पुढे अडचणीची ठरू शकते.

शाळा उघडल्यानंतर

घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे सुटीतील काम जूननंतरही सुरू राहण्याचा आणि शाळा कायमची सुटण्याचा धोका असतो. बहुउद्देशीय कर्मचारी किंवा निमलष्करी दलातील शिपाई या केंद्रीय पदांसाठीही दहावी उत्तीर्ण ही किमान अट आहे. त्यामुळे काम कोणत्या तारखेला थांबणार, हे पालक आणि मालक यांनी पहिल्याच दिवशी निश्चित करणे आवश्यक ठरते.