नॉरफोकची खणलेली तळी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ नॉरफोक परगण्यात संथ नद्यांच्या काठाने उथळ तळ्यांची माळ पसरली आहे. त्यांना ‘ब्रॉड्स’ म्हणतात. भोवती बोरूची बने, पाणपक्षी, जुन्या पवनचक्क्या. हे सारे निसर्गाचे देणे, अशीच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाणत्यांचीही समजूत होती.

जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५२च्या सुमारास तिला धक्का दिला. त्यांची पद्धत साधी, पण चिकाटीची. आधी दूर दूर अंतरांवर छिद्रे पाडून पाहणी झाली होती. बाईंनी हातगिरमिटाने जवळजवळ छिद्रे पाडून तळ तपासला. नैसर्गिक तळ्याचा काठ उतरत जातो. इथे काठ भिंतीसारखे उभे निघाले, आणि मध्ये न खणलेले सरळ बांधही. म्हणजे या खाणी होत्या!

कशाच्या? पीटच्या. दलदलीत शतकानुशतके कुजून साचलेला हा वनस्पतींचा थर. त्याच्या विटा कापून, वाळवून, आपल्याकडे गोवऱ्या जाळतात तशा जाळत. चौदाव्या शतकाच्या आरंभी नॉर्विच कॅथीड्रलच्या मठात वर्षाला ४,००,००० विटा लागत. मठाचे हिशेब आणि गिरमिटाने काढलेला चिखल एकमेकांना दुजोरा देतात, हे मला या संशोधनाचे खरे वैभव वाटते. भूगोल, इतिहास व पुरातत्त्वाच्या अभ्यासकांसह बाईंनी १९६०मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले.

पुढे समुद्राची पातळी चढली. डिसेंबर १२८७च्या पुराने हिकलिंगसारखी गावे बुडवली. खाणींत पाणी भरत गेले, खणणे परवडेना, मासे आणि बोरू यांवर लोक पोट भरू लागले. खणणाऱ्यांची आठवण मात्र पार पुसली गेली.

मग ‘निसर्गावर सोडा’ या सल्ल्याचे काय करायचे? छपरांसाठी बोरू आणि लव्हाळा कापणे विसाव्या शतकात कमी झाले, तशी उघडी दलदल विलो नि अल्डरच्या झाडीखाली जाऊ लागली. ब्रिटनचे स्वतःचे स्वॅलोटेल फुलपाखरू आता फक्त इथेच उरले आहे. त्याच्या अळ्या ‘मिल्क पार्सली’ या एकाच वनस्पतीवर वाढतात आणि ती उघड्या दलदलीत तगते. म्हणून आज पक्षी-फुलपाखरांसाठी राखलेल्या जागीही माणसे विळे आणि यंत्रे घेऊन कापणीला उतरतात. समुद्र पुन्हा चढतो आहे. भरतीबरोबर खारे पाणी नद्यांतून आत येते. त्याला कापणीचा उपाय नाही.