इंटर्नला रस कशात आहे?

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांच्या मानसशास्त्र विभागात दरवर्षी नव्या इंटर्न मंडळींची ओळख करून देणारं एक पान तयार होतं. फोटो, नाव, विद्यापीठ आणि त्याखाली दोन ओळी. पहिली ओळ क्लिनिकल इंटरेस्ट्सची: आघातानंतरचा ताण, लहान मुलांमधली चिंता, व्यसनं, जुनाट दुखणी. दुसरी ओळ रिसर्च इंटरेस्ट्सची: तिथे जरा लांबलचक, जपून केलेली वाक्यं. शेवटी कधी कुत्र्याचं नाव आणि डोंगर चढायची आवड.

मला कुतूहल वाटतं ते या दोन ओळींचं. एमबीबीएसच्या इंटर्नला रस कशात आहे असं कोणी विचारत नाही, त्याला ड्यूटी सांगतात. मानसशास्त्राच्या इंटर्नला मात्र विचारतात, तेही दोनदा. एकदा पेशंटबद्दल आणि एकदा संशोधनाबद्दल. जणू एका माणसाच्या आत दोन माणसं आहेत आणि दोघांनाही अर्ज भरायचा आहे. या दोन ओळी वेगळ्या का झाल्या, याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो सगळा सुखावह नाही.

सुरुवातीला त्या वेगळ्या नव्हत्याच. 1896 साली लायटनर विटमरने पेनसिल्व्हानिया विद्यापीठात जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. त्याच्याकडे एका शिक्षिकेने चौदा वर्षांचा मुलगा आणला होता. तसा हुशार, पण स्पेलिंग काही केल्या येईना. विटमरने आधी त्याचे डोळे तपासून घेतले, दोष निघाला, चष्मा लागला, मग शिकवणी सुरू झाली. यात इलाज कुठे संपतो आणि संशोधन कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नावही विटमरनेच रूढ केलं.

पण मानसशास्त्रातली पहिली रीतसर इंटर्नशिप म्हणून ज्या जागेचं नाव घेतलं जातं, ती वेगळी. न्यू जर्सी राज्यातली व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूल, साल 1908. मतिमंद ठरवलेल्या मुलांची ही निवासी संस्था. तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख हेन्री गॉडर्ड. त्याच वर्षी तो युरोपात गेला आणि अल्फ्रेड बिने याची बुद्धिमापनाची चाचणी घेऊन परतला. ती इंग्रजीत आणली, संस्थेतल्या मुलांवर वापरली आणि मग त्याला सगळीकडे तेच दिसू लागलं. जे वरवर साधेच दिसतात पण चाचणीत मागे पडतात, अशांसाठी त्याने 1910 साली ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. आज ती शिवी आहे. तेव्हा निदान होतं.

व्हाइनलँडमध्ये शिकायला येणाऱ्यांना जे काम मिळायचं त्यात इलाज फारसा नव्हता. चाचणी घेणं होतं आणि वंशावळी गोळा करणं होतं. संस्थेने क्षेत्रकार्यकर्त्या तयार केल्या, बहुतेक स्त्रिया. त्या गावोगाव जाऊन घरात डोकावत, शेजाऱ्यांना विचारत आणि कागदावर प्रत्येक नावापुढे शेरा लिहीत. त्यांतली एलिझाबेथ काइट सर्वांत चिकाटीची. तिच्या नोंदींवरून गॉडर्डने 1912 साली ‘द कॅलिकॅक फॅमिली’ हे पुस्तक लिहिलं. एका सैनिकाचे दोन वंश: लग्नाच्या बायकोपासूनचा सद्गुणी, आणि दारूच्या गुत्त्यातल्या एका अनाम मुलीपासूनचा बिघडलेला. दुसऱ्या शाखेत 480 वंशज मोजले आणि त्यांतले 143 मतिमंद ठरवले. त्यांतली कितीतरी माणसं कधीच मेलेली होती. त्यांना ना कोणी पाहिलं होतं, ना तपासलं होतं. शेजारणीच्या आठवणीवर निदान झालं होतं.

या शाखेचं शेवटचं टोक म्हणून पुस्तकात एक मुलगी आहे, ‘डेबोरा’. तिचं खरं नाव एमा वुल्व्हर्टन. 1897 साली, आठ वर्षांची असताना, ती व्हाइनलँडमध्ये आली. पुस्तकात तिचे फोटो आहेत. सुतारकाम तिला उत्तम जमायचं, शिवणकामही. पण चाचणीच्या हिशेबाने तिचं मानसिक वय नऊ. पुस्तक वाचणाऱ्याला तिच्या हातचं काम समोर दिसत असतं आणि लेखक सांगत असतो की त्यावर जाऊ नका. माझ्या मते शिकाऊ मुलींना तिथे मिळालेलं खरं शिक्षण हेच होतं, समोरचं दिसत असताना ते न मोजण्याचं.

ही नजर किती लवकर अंगवळणी पडते, याचा पुरावा एलिस आयलंडवर मिळतो. 1913 साली गॉडर्डने दोन स्त्रियांना अडीच महिन्यांसाठी तिथे पाठवलं. जहाजातून उतरलेल्या लोकांच्या रांगेतून मतिमंद वाटणारी माणसं निव्वळ पाहून निवडायची, असं त्यांचं काम. दुभाष्यामार्फत चाचण्या झाल्या. तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन लोकांपैकी दर पाचांतले साधारण चार मतिमंद निघाले. आकडे पाहून गॉडर्डही चपापला. पण छापले. कॅलिकॅकच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर 1914 साली आलं आणि 1933 साली पुन्हा छापलं गेलं. 1933 साली जर्मनीत काय सुरू झालं होतं ते सांगायला नको.

पुढे संशोधकांनी जुनं दप्तर तपासलं, तेव्हा त्या बिघडलेल्या शाखेचा मूळ पुरुष गुत्त्यातल्या मुलीचा मुलगा नव्हताच असं निघालं. तो वेगळ्याच, रीतसर लग्न झालेल्या आईबापांचा होता. गॉडर्डने स्वतः 1928 पर्यंत आपली बरीच मतं मागे घेतली होती. एमा मात्र रस्त्यापलीकडच्या सरकारी संस्थेत होती, 1914 पासून.

दुसरा धागा मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलचा. इथे डेव्हिड शॅको हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून आलेला माणूस 1928 पासून 1946 पर्यंत मुख्य मानसशास्त्रज्ञ होता. हॉस्पिटलात स्किझोफ्रेनियावर मोठा प्रकल्प चालू होता. त्याचा पैसा येत होता कॅथरिन मकॉर्मिक यांच्याकडून. त्यांचा नवरा स्किझोफ्रेनियाने आजारी होता आणि त्याचं मूळ ग्रंथींच्या स्रावात असावं असं त्यांना वाटे. म्हणून प्रकल्पाचा भर हार्मोन्सवर. (याच बाईंच्या पैशातून पुढे गर्भनिरोधक गोळी आली.) एका श्रीमंत घरातल्या दुःखामुळे वूस्टरच्या इंटर्नना स्किझोफ्रेनियात ‘रस’ निर्माण झाला, असं म्हटलं तर फार चूक नाही.

शॅकोने या परिस्थितीतून एक चांगली गोष्ट काढली. त्याचे प्रयोग साधे होते. पेशंटला इशारा द्यायचा, मग थोडं थांबून खूण द्यायची आणि तो किती वेळात हात हलवतो ते मोजायचं. थांबण्याचा वेळ लांबला की स्किझोफ्रेनियाच्या पेशंटची तयारी सुटत जाई. पण हे मोजण्यासाठी त्या माणसाला आधी तासन्‌तास खुर्चीत बसायला राजी करावं लागे. म्हणजे वॉर्डात वावरावं लागे, ओळख करून घ्यावी लागे. शॅकोकडचे इंटर्न चाचण्या शिकले तसे ते वॉर्डही शिकले.

मग युद्ध संपलं. 1946 साली माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांमधले निम्म्याहून अधिक पेशंट मानसिक आणि मेंदूच्या आजारांचे होते आणि त्यांना बघायला माणसं नव्हती. व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनने 22 विद्यापीठांशी करार केला, सुमारे 200 विद्यार्थी घेतले आणि त्यांना पगार देऊन हॉस्पिटलांत पाठवलं. विटमरच्या क्लिनिकमध्ये मुलं येत असत. आता खाटांवर होते तरणे पुरुष, रणांगणावरून परतलेले. एका पिढीचा सगळा रस मुलांकडून प्रौढ पुरुषांकडे वळला. कोणाच्या मनात काय आलं म्हणून हे घडलं नाही. पगार आणि खाटा तिकडे होत्या.

शिक्षण कसं असावं हे ठरवायला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने समिती नेमली, अध्यक्ष शॅको. 1947 साली आलेल्या अहवालात निदान, उपचार आणि संशोधन ही तिन्ही एकाच माणसाने शिकावीत असं म्हटलं आहे. ते सर्वांना आठवतं. त्यातला वेळापत्रकाचा भाग मात्र विसरला गेला. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यात इंटर्नशिप तिसऱ्या वर्षी. चौथ्या वर्षी विद्यापीठात परत येऊन प्रबंध लिहायचा. म्हणजे प्रश्न वॉर्डातून यावा. आधी वर्षभर पेशंट पाहा, त्यातलं काहीतरी झोप उडवेल, त्यावर संशोधन करा. 1949 च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी सत्तरच्या वर मंडळी दोन आठवडे बसली आणि संशोधक व उपचारक एकाच देहात नांदतील असा आराखडा मंजूर झाला. पुढे व्यवहारात इंटर्नशिप सरकत सरकत शेवटच्या वर्षावर गेली. 1999 पासून उमेदवार आणि हॉस्पिटल यांची जुळणी संगणक करतो. आता वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच रस जाहीर करावा लागतो, कारण अर्ज आधी भरायचा असतो. त्या दोन ओळी तिथल्या आहेत.

याच काळात एक गमतीदार प्रकार झाला. मिशिगन विद्यापीठातले लोवेल केली आणि डोनाल्ड फिस्क यांनी सैनिकी हॉस्पिटलांच्या या शिकाऊ मंडळींवरच अभ्यास केला. कोण चांगला क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ होईल हे आधी ओळखता येतं का? मुलाखती, शाईचे डाग, अभिरुचीच्या प्रश्नावल्या, सगळं झालं. 1951 साली निष्कर्ष आला: तज्ज्ञांनी तासभर मुलाखत घेऊन केलेलं भाकीत नुसती कागदपत्रं पाहून केलेल्या भाकितापेक्षा फारसं बरं नव्हतं. काही वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तेव्हा बरेच जण संशोधनापासून दूर गेले होते आणि पुन्हा संधी मिळाली तर दुसरा पेशा निवडू म्हणणारेही थोडेथोडके नव्हते. बोल्डरच्या आराखड्यातली दोन माणसं एका देहात फार दिवस टिकली नव्हती.

आपल्याकडे हे शिक्षण बंगळूरला आलं. 1954 साली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ स्थापन झाली (पुढची निम्हान्स) आणि 1955 मध्ये तिथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. पुढे तिचं एम.फिल. झालं. दोन वर्षं हॉस्पिटलात, आणि त्यात प्रबंधिका सक्तीची. विषय अनेकदा ओपीडीच ठरवते. मुदतीच्या आत तीस-चाळीस पेशंट मिळतील असा आजार निवडणं शहाणपणाचं असतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. वूस्टरलाही तेच होत होतं.

पण महाराष्ट्रातल्या इंटर्नचं व्हाइनलँडशी नातं याहून जवळचं आहे. बिनेची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ म्हणून ती अजून वापरात आहे. आणि तिच्या जोडीला जो दुसरा तक्ता निघतो त्याचं नावच व्हाइनलँड आहे. व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, ओपीडीच्या भाषेत ‘व्हीएसएमएस’. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी तिचं भारतीय रूप केलं, 89 प्रश्नांचं.

मूळ तक्ता 1935 सालचा, 117 प्रश्नांचा, एडगर डॉलचा. डॉल तरुणपणी गॉडर्डच्याच हाताखाली व्हाइनलँडला होता आणि पुढे तिथल्या संशोधनाचा प्रमुख झाला. त्याच्या तक्त्यात कोडी नाहीत. मूल हाताने जेवतं का, बटणं लावतं का, एकटं शेजारी जातं का, दुकानातून सामान आणतं का, हे आईला विचारायचं. माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकतो ते मोजायचं. त्याच इमारतींत पंचवीस वर्षांपूर्वी एक मुलगी हातात रंधा घेऊन उभी होती आणि ते कोणी मोजलं नव्हतं.

एमा वुल्व्हर्टन 1978 साली वारली, 89 वर्षांची होऊन. त्यातली 81 वर्षं संस्थांमध्ये गेली. म्हातारपणी तिला बाहेर पडायची मुभा मिळाली होती. ती नको म्हणाली.

सरकारी हॉस्पिटलात प्रमाणपत्राच्या दिवशी बाहेर बाकांवर आया मुलांना घेऊन बसलेल्या असतात. आत एक पंचविशीची इंटर्न, पुढे छापील तक्ता. ती विचारते, “स्वतःच्या हाताने जेवतो का?” आई म्हणते, “जेवतो, पण सांडतो.” इंटर्न पेन उचलते, क्षणभर थांबते, आणि विचारते, “किती सांडतो?”