‘वन्स मोअर’ कुठे गेला?

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पुढल्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलला. नाट्यगृहांच्या मालकांना रात्रीच्या एका नाटकापेक्षा दिवसाचे दोन-तीन खेळ अधिक परवडू लागले. संगीत मंडळ्यांची बिऱ्हाडे उठू लागली. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ साली ‘धर्मात्मा’त एकनाथ रंगविले, पण अखेर ते रंगभूमीकडेच परतले.

तेथे ‘वन्स मोअर’ची आरोळी उठताच नट तेच पद नव्या रंगाने गाई. पडद्याला ती आरोळी ऐकू येत नाही. वाचकहो, सिनेमाने गाणे थोड्या पैशांत खेडोपाडी नेले, हे उपकार खरेच. पण त्या सौद्यात रसिकाचा हुकूम गेला.