एकमेव साक्षीदार : अँड्र्यू मिनार्स्कीच्या मृत्यूची साधने

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर कमांडमधील सुमारे १,२५,००० विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्यू पावले. त्यांतील बहुतेकांच्या अखेरच्या क्षणांविषयी इतिहासाला काहीही ठाऊक नाही, कारण पाहणारेही बहुधा त्यांच्याबरोबरच गेले. अँड्र्यू मिनार्स्की हा या नियमास अपवाद होय. आणि तो अपवाद कसा झाला हाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

मिनार्स्कीचा जन्म १९१६ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे, पोलंडहून आलेल्या एका कुटुंबात झाला. पित्याच्या अकाली मृत्यूनंतर त्याने चामडी व लोकरी कातडी कापण्याचे काम करून घरास हातभार लावला. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या विमानदळात दाखल झाला आणि पुढे ४१९ व्या पथकातील एका लँकेस्टर विमानावर पाठीवरील बुरुजाचा गोलंदाज झाला. शेपटाच्या बुरुजात पॅट ब्रॉफी असे. तो दर्जाने वरचा. परंतु दोघांची मैत्री दाट होती.

नॉर्मंडीत दोस्तसैन्य उतरल्यावर जर्मन कुमक रोखण्यासाठी फ्रान्समधील रेल्वेस्थानकांवर बाँबवर्षाव चालू होता. १२ जून १९४४ च्या रात्री हे विमान कांब्रेकडे निघाले. मध्यरात्रीनंतर जर्मन लढाऊ विमानाने हल्ला केला. डावी दोन्ही इंजिने बंद पडली, आग भडकली आणि वैमानिकाने उड्या टाकण्याची आज्ञा दिली. मिनार्स्की दारापाशी पोचला असता ब्रॉफी बुरुजात अडकलेला त्यास दिसला. तो ज्वाळांतून मागे गेला. कुऱ्हाडीने आणि नुसत्या हातांनी बुरूज उघडू लागला. अखेर ब्रॉफीनेच त्यास जाण्याची खूण केली. तो परतला, जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, सलाम केला आणि उडी टाकली. भाजल्यामुळे त्याचा अंत झाला. विमान कोसळले, पण ब्रॉफी बाहेर फेकला जाऊन वाचला.

११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आता साधनांचा विचार करू. जळती हवाई छत्री खाली येताना फ्रेंच ग्रामस्थांनी पाहिली होती. हा पुरावा स्वतंत्र आहे. परंतु विमानाच्या आत जे घडले ते केवळ ब्रॉफीने पाहिले. सन्मानपत्र आणि ब्रॉफीचे कथन यांत एकवाक्यता आढळते म्हणून साक्षी दोन होत नाहीत. झरा एकच, पाट दोन. ज्यास वाचविता आले नाही तो वाचला, म्हणूनच वाचविण्याचा प्रयत्न इतिहासास कळला.

भाषेच्या अभ्यासकास याहून अधिक विचारात पाडणारी गोष्ट आहे ती त्या सलामाची. सन्मानपत्रातील सलाम हा सैनिकी शिस्तीचा अखेरचा आविष्कार वाटतो. ब्रॉफीच्या सांगण्यात मात्र त्याला निराळा संदर्भ आहे. रात्री निरोप घेताना मिनार्स्की त्याला थट्टेने ‘साहेब’ म्हणून शुभरात्री चिंती. त्या रात्री इंजिनांच्या व आगीच्या आवाजात शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. तरी हलणाऱ्या ओठांवरून ब्रॉफीने तेच शब्द ओळखले. म्हणजे चिन्ह एक, पण अर्थ दोन : राजपत्राच्या वाचकाला तो दर्जाला दिलेला मान, तर मित्राला रोजचा निरोप.

यांपैकी कोणता अर्थ खरा? ओठ वाचताना ब्रॉफीच्या मनाने परिचित शब्द भरले असतील, ही शंका शास्त्रीय दृष्टीने रास्त आहे. परंतु खुणेचा अर्थ ती ज्यांच्यात रूढ असते त्यांच्या व्यवहारातच ठरतो. आणि हा व्यवहार केवळ दोघांचा होता. त्या दोघांपैकी एकाने सांगितलेला अर्थ बाजूस सारण्यास आपल्याजवळ कोणतेही प्रमाण नाही. शौर्याची नोंद राजपत्राने केली. पण त्या शौर्यातील ओळखीचा स्वर आपल्यापर्यंत पोचला तो एका वाचलेल्या माणसाच्या स्मृतीतून. अशी स्मृती ज्यांच्यामागे उरली नाही, त्या हजारोंच्या बाबतीत आपले मौन हे त्यांच्या शौर्याविरुद्धचे प्रमाण समजता येणार नाही.