संघ शाळेचा, नेट क्लबचे

मराठी शाळांच्या व्यवहारात ‘सहल’ आणि ‘दौरा’ हे शब्द सहसा एकमेकांच्या जागी येत नाहीत. वेरूळ-अजिंठ्याला किंवा रायगडावर जाते ती सहल; तिच्यात वर्गातील प्रत्येक मुलाला जागा असते आणि परतल्यावर निबंध लिहून घेण्यापलीकडे तिच्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नसते. दौरा हा निवडलेल्यांचा असतो. अरबी-फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द मामलेदार आणि कलेक्टर यांच्या फिरतीसाठी रूढ होता आणि पुढे वृत्तपत्रांच्या क्रीडापानांनी तो संघांच्या प्रवासासाठी उचलला; मुक्काम कोठे, भेट कोणाची, हिशेब कोणाकडे हे आधी ठरलेले असावे, हा त्यातला सरकारी भाव मात्र टिकून राहिला. मुंबईतील शालेय क्रिकेटचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या आखणीत शाळेचा वाटा मुलांची नावे, मुख्याध्यापकांची परवानगी आणि टोपीवरचे बोधचिन्ह एवढ्यापुरताच राहिलेला दिसतो. सरावाची जागा, शिकवणारा माणूस आणि पुष्कळदा परगावचे सामने ठरवणारा पत्रव्यवहारही क्लबांकडून आला, आणि क्लबांतही तो बऱ्याचदा अशा माणसांकडून आला ज्यांना सभासदांच्या दालनात बसायला खुर्ची नव्हती.

ही विभागणी इंग्लंडमधून आली. तेथील ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे नावाप्रमाणे सार्वजनिक शाळा नव्हे, तर श्रीमंत घरांतील मुलांची निवासी खासगी शाळा. ईटन आणि हॅरो या अशा दोन शाळांचा लॉर्ड्सवरील सामना 1805 पासूनचा आहे. या शाळांत खेळ हा चारित्र्यशिक्षणाचा भाग मानला जाई, पण प्रत्यक्ष फलंदाजीचे धडे देण्यासाठी ‘प्रो’ ठेवला जाई. प्रो म्हणजे पगार घेऊन खेळणारा, बहुधा कामगार किंवा कारागीर घरातला क्रिकेटपटू. त्याच्या उलट ‘जंटलमन’, म्हणजे हौशी खेळाडू. यॉर्कशायरचा जॉर्ज हर्स्ट हा आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ अष्टपैलूंपैकी एक, पण निवृत्तीनंतर त्याने सुमारे अठरा वर्षे ईटनच्या मुलांना शिकवले ते प्रो म्हणूनच. दौऱ्याची कल्पनाही याच पगारी वर्गाने रुजवली. 1846 मध्ये विल्यम क्लार्कने व्यावसायिकांचा ‘ऑल इंग्लंड इलेव्हन’ हा संघ उभा केला आणि नव्या रेल्वेच्या आधारे तो गावोगाव नेला. स्थानिक संघात बावीस-बावीस खेळाडू असत, तरी बऱ्याचदा त्यांचा पराभव होई. इंग्लिश संघ ऑस्ट्रेलियाला जाऊ लागल्यावर 1861-62 च्या दौऱ्यातील चार्ल्स लॉरेन्स आणि 1863-64 च्या दौऱ्यातील विल्यम कॅफिन हे दोघे मायदेशी न परतता तेथेच प्रशिक्षक म्हणून राहिले. दौरा संपला आणि शिकवणी मागे उरली, असा हा प्रकार होता, आणि ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या घडणीत या दोघांचा वाटा मोठा मानला जातो.

मुंबईतील पारशांनी हा क्रम उलटा केला. 1848 मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन करून हिंदी लोकांतील संघटित क्रिकेटची सुरुवात करणाऱ्या या समाजाने 1878 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्याचा बेत आखला होता, पण तो फसला. दुसऱ्या खेपेस तयारी अधिक काटेकोर होती. इंग्लंडमधील सामने जुळवण्यासाठी सरे काउंटीचे चिटणीस चार्ल्स ऑलकॉक यांची मदत मिळाली, आणि निघण्यापूर्वी सरेचाच व्यावसायिक खेळाडू रॉबर्ट हेंडरसन याला पगार देऊन सरावासाठी मुंबईत आणले गेले. हिंदी संघाने परदेशी क्लबचा पगारी प्रशिक्षक नेमून दौऱ्याची तयारी केल्याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल. डॉ. डी. एच. पटेल यांच्या नेतृत्वाखाली 1886 च्या उन्हाळ्यात हा संघ 28 सामने खेळला, त्यांपैकी 1 जिंकला, 19 हरला आणि 8 अनिर्णित राहिले. एका मोसमाच्या शिकवणीने एवढेच साधते, हे त्यातून कळले, पण पारशांनी त्याचा अर्थ शिकवणी व्यर्थ असा लावला नाही. दोनच वर्षांनी पी. डी. कांगा यांच्या नेतृत्वाखाली दुसरा संघ गेला. त्याने 31 सामन्यांपैकी 8 जिंकले, 11 हरले, 12 अनिर्णित राखले, आणि डॉ. मेहेलाशा पावरी यांनी एकट्याने 170 बळी घेतले. जानेवारी 1890 मध्ये जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश हौशी संघ मुंबईत आला, तेव्हा पारशांनी त्याला हरवले. त्या संघाचा हिंदुस्थानातील तो एकमेव पराभव होता.

या दौऱ्यांची वेळ ठरवताना पंचांगाचा विचार आधी करावा लागे. मुंबईचे क्रिकेट दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मृगाच्या पावसाबरोबर आटोपते. इंग्लंडचे मे महिन्यात उघडते आणि सप्टेंबरमध्ये मिटते. इकडची मैदाने चिखलाने बंद होतात तेव्हाच तिकडची हिरवी होतात, आणि सुवेझ कालवा 1869 मध्ये खुला झाल्यापासून आगबोटीचा प्रवास काही आठवड्यांवर आला होता. शाळकरी मुलांच्या बाबतीत हा योग अर्धाच जुळतो, कारण मे महिन्याची सुट्टी मिळते, पण जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि इंग्लिश मोसम तर तेव्हा कुठे रंगात येत असतो. म्हणून परदेश दौऱ्यावर निघालेल्या मुलाला वर्गशिक्षकांची संमती आणि बुडालेल्या धड्यांची वही हे दोन्ही जमवावे लागे. पावसातही खेळायचेच असे ठरवून 1948 मध्ये मुंबईत डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने सुरू झालेल्या लीगमुळे ओल्या खेळपट्टीची सवय घरीच होऊ लागली. कांगा लीगमध्ये जो टिकला त्याला इंग्लंडच्या ढगाळ हवेत चाचपडावे लागत नाही, हे मुंबईकरांचे लाडके मत त्यातूनच निघाले, आणि त्यात अभिमानाचा अंश असला तरी तथ्यही पुष्कळ आहे.

हेंडरसनला जहाजाने आणावे लागले. पुण्याच्या गोऱ्या साहेबांना मात्र सराव देणारा माणूस मैदानावरच सापडला. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील तरुण आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि लोळवण्याचे काम करीत, आणि 1892 च्या सुमारास पूना क्लबात महिना 4 रुपयांवर लागले. जाळी उभारणे, रूळ फिरवणे, रेघा आखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. ‘नेट’ म्हणजे चेंडू दूर जाऊ नये म्हणून जाळीने बंदिस्त केलेली सरावाची पट्टी. तिच्यात फलंदाज आळीपाळीने येतात आणि जातात, गोलंदाज मात्र तोच राहतो. जे. जी. ग्रेग या निष्णात फलंदाजाने बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावली, आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. बाळूंच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. या व्यवहारात कोण कोणाला शिकवत होते, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. ग्रेगचे पदलालित्य सुधारले ते बाळूंच्या डावऱ्या फिरकीवर, आणि बाळूंची फिरकी धारदार झाली ती ग्रेगच्या बॅटीसमोर. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले खरे, पण चहाच्या वेळी त्यांचा मातीचा पेला तंबूबाहेर दिला जाई. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर जाऊन त्यांनी सात बळी घेतले, आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर. शिकवणी देणाऱ्या पगारी माणसाला दौऱ्याच्या संघात जागा मिळायला जवळजवळ वीस वर्षे लागली.

शाळांच्या क्रिकेटला घडी बसली ती याच काळात. 1890 ते 1895 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे इंग्लंडचे माजी कर्णधार. त्यांच्या नावाची ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि लहान गटासाठीची जाइल्स ढाल विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईच्या शाळा खेळू लागल्या. ढाली शाळांच्या नावे होत्या, पण शाळांना मैदाने नव्हती. गिरगाव-दादरच्या चाळींमधून निघालेल्या मराठी शाळेच्या अंगणात प्रार्थनेसाठी मुले उभी राहिली की जागा संपे. तेव्हा सराव व्हायचा तो आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क येथील क्लबांच्या खेळपट्ट्यांवर किंवा मरीन लाइन्सच्या जिमखान्यांवर. जिमखाना म्हणजे सभासदांची वर्गणी आणि सरकारने दिलेली जमीन यांवर चालणारी खेळसंस्था. मुंबईत ती जातधर्मवार विभागली गेली होती. शाळेची मुले तेथे पाहुणी असत.

पी. जे. हिंदू जिमखान्याच्या आवारातच एक मुलगा मात्र पाहुणा नव्हता. एकनाथ सोलकर यांचे वडील तेथे माळी, म्हणजे मैदान राखणारे, आणि कुटुंबाचा संसार मैदानाच्या कडेच्या खोलीत. सामन्याच्या दिवशी हा मुलगा धावफलकावरचे आकडे बदलत असे, त्यामुळे प्रत्येक चेंडू त्याला बघावाच लागे. याहून नियमित शिकवणी कोणत्या शाळेने दिली असती, सांगणे कठीण आहे. 1964 मध्ये तो भारतीय शालेय संघातून सिलोनला गेला, आणि 1965-66 मध्ये लंडन स्कूल्सचा संघ भारतात आला तेव्हा भारतीय शाळांचे नेतृत्व त्याच्याकडे होते. सुनील गावस्कर आणि मोहिंदर अमरनाथ त्याच्या संघात होते. बाळूंना पेला बाहेर देणाऱ्या व्यवस्थेपासून माळ्याच्या मुलाला कर्णधार करणाऱ्या व्यवस्थेपर्यंतचे हे अंतर मोठे आहे. तेही शाळेच्या फाटकातून नव्हे, मैदानाच्या कडेने कापले गेले.

परदेशी शाळांचे संघ येणे आणि आपले जाणे, हा साठच्या दशकाचा विशेष. त्याआधी 1945-46 पासून कूचबिहार करंडकामुळे देशांतर्गत शालेय स्पर्धा सुरू झाली होती, आणि राष्ट्रीय शालेय संघ निवडण्याचे साधन हाताशी आले होते. 1967 मध्ये मुंबईच्या अजित नाईक यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शालेय संघ इंग्लंडला गेला. सय्यद किरमाणी त्यात होते. लॉर्ड्सवर एमसीसी स्कूल्सविरुद्ध सुरिंदर अमरनाथ यांनी शेवटच्या दोन चेंडूंवर दोन षटकार ठोकून सामना जिंकून दिला, ही या दौऱ्याची सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट आहे.

ऐंशीच्या दशकात शाळा आणि क्लब यांच्यातील हिशेब अगदी उघड झाला. रमाकांत आचरेकर हे शिवाजी पार्कवरील कामत मेमोरियल क्लबचे प्रशिक्षक, आणि शारदाश्रम विद्यामंदिराचेही. सचिन तेंडुलकर हा वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शारदाश्रममध्ये आला तो आचरेकरांच्या सांगण्यावरून. म्हणजे येथे क्लबच्या प्रशिक्षकाने मुलासाठी शाळा निवडली. मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून, जो बाद करील त्याला ते द्यायचे आणि कोणीच बाद केले नाही तर ते फलंदाजाचे, हा आचरेकरांचा नेम प्रसिद्ध आहे. ग्रेगचे आठ आणे आणि हे नाणे यांत फरक एवढाच, की बाळूंच्या वेळी पैसे फक्त एका बाजूने फिरत, येथे फलंदाजालाही कमाईची संधी होती. आचरेकर आपल्या स्कूटरवर मुलाला बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर नेत आणि एका दिवसात निरनिराळ्या खेळपट्ट्यांवर खेळवत. बोटीशिवाय झालेला दौराच तो. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध विनोद कांबळी नाबाद 349 आणि तेंडुलकर नाबाद 326 यांनी 664 धावांची अभंग भागी केली, तेव्हा धावपत्रिकेवर नाव शाळेचे होते. याच सुमारास, नोव्हेंबर 1989 मधील कसोटी पदार्पणापूर्वी, तेंडुलकर दोनदा इंग्लंडला गेला तो शाळेच्या किंवा मंडळाच्या संघातून नव्हे, तर राजस्थानकडून रणजी खेळलेल्या कैलास गट्टाणी यांच्या स्टार क्रिकेट क्लबच्या संघातून. तरुणांना इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर नेण्याचे हे काम गट्टाणींनी अनेक वर्षे चालवले, आणि ज्या खर्चाची शाळांना कल्पनाही करता येत नव्हती तो जुळवण्याची जबाबदारी क्लबने घेतली.

फुटबॉलमध्ये हा क्रम आता पूर्ण वेगळ्या टोकाला पोहोचला आहे. 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बायर्न म्युनिक या व्यावसायिक क्लबशी करार केला आणि चौदा वर्षांखालील मुलांची राज्यव्यापी स्पर्धा घेऊन त्यांतून वीस जणांना सरावासाठी म्युनिकला पाठवण्याचे ठरले. हेंडरसन जहाजाने मुंबईला आला होता. येथे मुले विमानाने क्लबच्या दारी जाणार होती. ढालीला नाव होते गव्हर्नराचे, करंडकाला संस्थानाचे. या स्पर्धेच्या नावात क्लब आहे आणि महाराष्ट्र आहे, आणि पोशाखावर कोणत्याही शाळेचे बोधचिन्ह शिवण्याची गरज उरलेली नाही.