दुष्काळ आभाळाचा की माणसाचा?

१८९९ साली वऱ्हाडात पाऊस रुसला. पुढच्याच वर्षी रमेशचंद्र दत्तांनी लॉर्ड कर्झनला खुली पत्रे लिहून जमीनसाऱ्याला दोष दिला. १९०२ च्या ठरावात सरकारने तो झटकला. आम्हांला मात्र आपल्या खामगावकडे पाहावेसे वाटते. अमेरिकेतील यादवीने (१८६१-६५) मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा इथल्या मालाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंब-खामगाव आगगाडी धावू लागली आणि कापसाखालचे रान वाढतच गेले. पाऊस हुकल्यावर कापूस बुडाला, मजुराचे काम बुडाले. बाजारातली ज्वारी त्याने घ्यावी कशाने? त्या अवर्षणाचा संबंध शास्त्रज्ञ आज पॅसिफिक महासागराच्या तापलेल्या पाण्याशी जोडतात. ते मान्य; पण आमच्या गावांतली पेवे काही त्या पाण्याने रिकामी केली नव्हती.